चाळीस पावलांवरची मुंबई

मी मुंबईला नोकरीला गेलो, तेव्हा आमच्या घरापासून मोजून चाळीस पावलांवर राहत होतो. एक-दोन तास नव्हे, चांगले पाच दिवस! त्या पाच दिवसांत चिखलीतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की नारायण मुंबईला गेला. सांगताना मी त्याच्या शेजारी उभा असलो तरीसुद्धा! (वेड मला लागलेलं नव्हतं. गल्लीलाही नाही. आधी ऐकून तर घ्या.)

त्याआधीची सहा वर्षं मी खामगावला एका विलायती कापूस-कंपनीत कारकून होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कशाला! पहाटे जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीचा, भोंगा वाजला की उठायचं, दुसऱ्या भोंग्याला कचेरीत खुर्चीवर असायचं आणि गावात दिवे लागून बराच वेळ झाला की खोलीवर परतायचं. बिऱ्हाड चिखलीला, आईवडिलांजवळ. रविवारची सुट्टी होती म्हणे, पण हंगामात कंपनीच्या आठवड्याला रविवारच नसे. आणि हंगाम संपला की साहेबांना गेल्या हंगामाचा रिपोर्ट हवा असे. मी डाव्या हातानं कागद चाळत उजव्या हातानं जेवायला शिकलो होतो. झोपेतही मी कापसाच्या गाठींचे नंबर म्हणतो, अशी खोलीवरच्या सोबत्याची तक्रार होती. बिचारा शेवटी खोली बदलून गेला.

एकदा पोळ्याला घरी गेलो. दारात माझी चार वर्षांची चिमी खेळत होती. तिनं मला नीट न्याहाळलं आणि आत ओरडली, "आजी, पाव्हणे आले!"

घरात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग हातपाय धुण्याच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो आणि पाणी संपलं तरी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

अशात खामगावला कंपनीचं पत्र हाती पडलं, ते घेऊन मी घरी आलो. मला बढती! मुंबईच्या मोठ्या कचेरीत हेडक्लार्क! आमचे वडील, म्हणजे आबा, तहसिलीत जन्मभर कारकुनी करून पेन्शनीत आलेले. त्यांनी ते इंग्रजी पत्र ओसरीवर उभं राहून तीनदा मोठ्यानं वाचलं आणि मग पागोटं चढवून गावभर सांगत सुटले.

"माहा नाऱ्या मुंबईले हेडक्लार्क झाला! गादीची खुर्ची आहे म्हणा! वरतून पंखा!"

(गादी आणि पंखा पत्रात नव्हते. आबांनी ते आपल्या पदरचे घातले.) पत्रात एक ओळ मात्र होती, आणि ती आबांनी तिन्ही वेळा गाळली. हेडक्लार्कनं कचेरी बंद झाल्यावरही साहेबांच्या हाकेला हजर असावं आणि पहिली दोन वर्षं रजा मागू नये. मला जायचं नव्हतं. साफ जायचं नव्हतं! पण हे आबांना सांगणार कोण? त्यांनी तोवर न्हाव्यापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले होते. मी तसा मोठा धीट माणूस. आबांना मी काय काय सुनावलं म्हणता! फक्त ते घरात नसताना.

आता मुहूर्त. आबांचा पंचांगावर इतका विश्वास, की घरात नवा झाडूदेखील वार पाहिल्याशिवाय येत नसे. जोशीबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी बोटं मोजली, मान हलवली, पुन्हा बोटं मोजली आणि म्हणाले, "सोमवारी सकाळचा मुहूर्त असा आहे, की राजानं मोहिमेवर निघावं. त्यानंतर मात्र पंधरा दिवस काही खरं नाही."

"पण मुंबईची खोली रविवारी रिकामी होऊन राह्यली," मी म्हणालो. "कंपनीनं लिहिलंय, शनिवारी निघा, त्याआधी येऊ नका."

"शनिवारी? अमावास्येला?" जोशीबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विहिरीत उडी टाकायची परवानगी मागतो आहे.

खोली रिकामी नाही आणि मुहूर्त थांबत नाही! मला आशा वाटू लागली. (माणूस कशाकशाला लटकतो पाहा!) पण आबा तहसिलीत मुरलेले. ते म्हणाले, "मंग प्रस्थान ठेवू."

नव्या मंडळींना प्रस्थान ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मुहूर्तावर प्रत्यक्ष निघणं जमत नसेल, तर सुपारी, हळकुंड, अक्षता पंच्यात बांधून त्या घडीला शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. पुढं सोयीनं पाच दिवसांच्या आत ते गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. बस्स, इतकं सोपं. पण आबांना सोपं कधी मानवलंच नाही.

"वस्तू ठेवली तर चालते काय बुवा?"

"चालते."

"अन् माणूसच ठेवला तर?"

"तर उत्तमच! मात्र मग त्यानं घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलं, की प्रस्थान मोडलं. मग पुढचा मुहूर्त पंधरा दिवसांनी."

"मंग वस्तू कायले? हेडक्लार्क आहे तो. आख्खा नाऱ्याच ठेवू!"

असा मी सोमवारी सकाळी मुंबईला निघालो. आईनं हातावर दही घातलं. कुटुंबानं ओवाळलं, तिचे डोळे भरून आले होते. गल्लीतल्या बाया दारांत उभ्या. आबांनी नारळ फोडला. पाठीवर वळकटी, हातात शिदोरी आणि पंच्यात सुपारी घेऊन मी, मागे वळून न पाहता, गल्ली ओलांडून समोर सखारामकाकांच्या ओट्यावर चढलो. चाळीस पावलं झाली. मागून आईचा हुंदका आला, "पोचल्याचं पत्र धाडजो रे बाप्पा!"

सखारामकाका म्हणजे पोलिसातून पेन्शनीत आलेले जमादार. एकटा जीव. घरात एक चूल, एक बुद्धिबळाचा पट आणि ओसरीत एक लांबरुंद बंगई. बंगई म्हणजे आमच्याकडचा घरातला झोपाळा. पण ही बंगई नुसती झोके घ्यायची नव्हती, एखाद्या खाटेसारखी ऐसपैस होती.

पहिले दोन दिवस माझे हाल झाले. पहिला हाल जेवणाचा. समोर आमच्या घरात भरताची वांगी भाजल्याचा वास सुटलेला, आणि इकडे मी शिदोरीतल्या कोरड्या दशम्या चावत बसलेलो. मी ओट्यावरून हाक मारली, "आई, थोडं भरीत धाड ना!"

आई दारातून बाजूला पाहत म्हणाली (माझ्याकडे थेट पाहणं तिला बरं वाटेना), "परगावी गेलेल्या माणसाले घरून ताट धाडतेत काय? शिदोरी देल्ली ना!"

शेवटी काकांनी ठेचा कुटला, भाकरी थापली आणि म्हणाले, "जेव गा. मुंबईत खानावळीत जेवावंच लागते."

दुसरा हाल मोठा. मला काम नव्हतं! पहाटे न वाजलेल्या भोंग्यानं मी दचकून उठलो, तोंड धुतलं, कोट चढवला आणि ओसरीत ताठ उभा राहिलो. काकांनी गोधडीतून एक डोळा उघडला.

"काऊन उठला बे?"

"सवय."

"कोणती गाडी धरून राह्यला?"

"कोणतीच नाही."

"मंग झोप ना लेका! कोट काढ अन् झोप!"

झोप येईना. मी काकांची मडकी उतरंडीवरून काढून पुसली, पुन्हा रचली. बुद्धिबळाची प्यादी रांगेत लावली. ओसरीच्या आढ्याच्या लाकडांची गणती केली आणि ती कागदावर टिपली. काकांनी तो कागद चुलीत घातला आणि मला दंडाला धरून बंगईवर आडवं केलं. "आता हलशील तर तुले आतमंदी टाकीन. मी जमादार आहो!" मग त्यांनी पायानं एक झोका दिला.

बुधवारी दुपारी मी झोपलो. सहा वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी, पोट भरल्यावर, कुणाच्या परवानगीशिवाय! जागा झालो तेव्हा उन्हं ओसरीच्या पायरीवर आली होती आणि मी कोण आहे हेच मला क्षणभर आठवेना. इतकं बरं वाटलं, की काय सांगू! मी काकांना म्हणालो, "काका, लोक दुपारी हे करतात?"

"लोक कायचे करतेत! हुशार माणूस करते."

आणि याच काळात चिमीला एक शोध लागला. बाबा मुंबईला गेले, असं आजी म्हणते. बाबा तर समोर दिसतात. तेव्हा मुंबई समोरच आहे! एवढं सरळ गणित कुणीच का सोडवत नाही, याचं तिला नवल वाटे. दिवसातून दहा वेळा ती आजीला सांगून निघे, "मी मुंबईले जाऊन येतो वं आजी," आणि गल्ली ओलांडून येऊन माझ्या शेजारी बंगईवर चढून बसे. मी तिला गोष्टी सांगितल्या. तिनं मला तिच्या सगळ्या बाहुल्यांची नावं पाठ करायला लावली. (अकरा! आणि रोज तोंडी परीक्षा.) बुधवारपासून तिनं मला पाव्हणे म्हणायचं सोडलं.

कुटुंबाशी मात्र बोलण्याची सोय नव्हती. नवरा-बायकोनं भर गल्लीत बोलायचं, तेही नवरा परगावी असताना? छे! पण ती चौथी पास झालेली होती. तिनं चिमीच्या हाती चिठ्ठी पाठवली. मायना काय घालावा हे न सुचल्यामुळे मायनाच नव्हता. "तिकडचं पाणी मानवतं का?" (पाणी त्याच आडाचं!) मी उत्तर लिहिलं. तिचं आलं. मी पुन्हा लिहिलं. खामगावहून सहा वर्षांत जितकं लिहिलं नव्हतं, तितकं मी त्या दोन दिवसांत गल्लीपलीकडे लिहिलं. बिचाऱ्या चिमीचे पाय दुखले. टपालाबद्दल तिला शेंगदाणे मिळत.

गुरुवारी सकाळी धीर करून मी लिहून टाकलं: "मला जायचं नाही. कंपनीत माझं आयुष्य भोंग्यावर चालतं. दुपारी झोपावं, चिमीशी खेळावं, तुझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं आहे. मी आळशी आहे का?"

उत्तर येईपर्यंत मी ओसरीत येरझारा घालत होतो. उत्तर आलं: "आळशी असाल तर असा. सहा वर्षं मी भोंग्याचा संसार केला. आता चिमी तुम्हाला ओळखते. जायचं नसेल तर जाऊ नका. पण मामंजींना तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

ती चिठ्ठी मी किती वेळा वाचली, ते विचारू नका. पण मग खायचं काय, हाही प्रश्न होताच. त्याचं उत्तर आपल्या पायांनी चालत ओट्यावर आलं. त्याच सकाळी मी रिकामा बसलेला पाहून वाडीचे रामजीबुवा थांबले. त्यांचा बैल कोंडवाड्यात अडकला होता आणि अर्ज लिहायचा होता.

"तहसिलीपाशी बसणारा अर्जनवीस डोळ्यानं अधू झाला, बापू. कालच्या अर्जात त्यानं बैलाची गाय करून टाकली. तुमी लिहून देता काय?"

मी लिहिला. बैल सुटला! दुसऱ्या दिवशी ओट्यावर सहा माणसं. कुणाचं शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण, कुणाला लेकाला पत्र घालायचं. बदल्यात वांगी आली, काकवी आली, एकानं तर गावरान तुपाचा गडवा ठेवला. सकाळचे दोन-तीन तास काम, आणि दुपार सगळी माझी! काका म्हणाले, "परवाना काढ अन् बस इथंच. ओट्याचं भाडं म्हणून माह्यासंगं एक डाव रोज."

ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी आबांना सांगायचं. शनिवारी निघायचं होतं, त्यामुळे आता ढकलायला दिवसच उरला नव्हता. काय बोलायचं ते मी पाठ केलं. अशा मोठ्या कामाआधी माणूस ताजातवाना पाहिजे, म्हणून दुपारी थोडा आडवा झालो.

आणि नेमका त्याच दुपारी कंपनीचा मोठा साहेब मोटार घेऊन आमच्या दारात हजर! चिखलीच्या बाजारात कापूस पाहायला आलेला. नवा हेडक्लार्क इथलाच आहे हे आठवलं, खोलीचं मग पाहू, आजच आपल्या गाडीतून मलकापूरला आगगाडीवर नेऊ म्हणाला. गोरा, उंच, डोक्यावर हॅट. पुढचं सगळं मी नंतर ऐकलेलं, कारण मी मुंबईत झोपलो होतो.

"नारायनराव किदर है?"

आबांची छाती दोन वीत फुगली. "नारायण? वो तो गया साहेब! सोमवारकोच गया! मुंबई!"

"मंडे को? कंपनी ने तो सॅटरडे बोला था!"

"हाव साहेब. मुहूर्त था."

"लेकिन बम्बई से हमको रोज खबर आता है. उधर कोई नहीं पहुँचा!"

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, की साहेब, तो काय समोर घोरतो आहे. पण आबा कसे म्हणतील? गेलेला माणूस इथंच आहे असं बापाच्या तोंडून निघालं, तर प्रस्थानाचं काय राहिलं? ते नुसते "गया, गया" म्हणत राहिले. आईनं दाराआडून भर घातली, "शिदोरी दी है उसको. भुका नहीं रहेगा."

साहेब घाबरला. पाच दिवस झाले, माणूस निघाला आणि पोचलाच नाही! गाडीतून पडला? कुणी लुटला? त्यानं खिशातून कागद काढला आणि मोटारीच्या टपावर ठेवून रेल्वेच्या पोलिसांना तार लिहायला घेतली. ते पाहून आबांना घाम फुटला. आई रडायलाच लागली. मी सापडत नाही असं साहेबानं म्हटल्यावर तिला खरंच वाटू लागलं, की मी सापडत नाही!

तेवढ्यात चिमी पुढं झाली. "बाबा मुंबईतच आहेत. झोपले."

"टुमको कैसे मालूम?"

"मी आत्ताच जाऊन आलो ना!"

आणि तिनं साहेबाचं बोट धरलं, गल्ली ओलांडली आणि त्याला सरळ मुंबईत आणून सोडलं.

चौकटीला हॅट आपटून साहेब आत आला. मी बंगईवर. अंगात सदरा नाही, एक पाय खाली लोंबतो आहे, पोटावर चिमीची बाहुली आणि तोंड उघडं. काका स्वतःशीच बुद्धिबळ खेळत होते. गोरा साहेब पाहून त्यांचा हात आपोआप सलामाला गेला.

साहेबानं इकडेतिकडे पाहिलं. "यह बम्बई है?"

"जी हुजूर!" काका म्हणाले.

मी डोळे उघडले, साहेब पाहिला आणि बंगईवरून जो उडालो तो ताठ उभा राहूनच थांबलो. "येस सर! रिपोर्ट तयार आहे सर!" हे म्हणताना धोतराचा सोगा माझ्या हातात होता आणि बाहुली काखेत. मग इंग्रजीत प्रस्थान समजावून सांगितलं. मी निघालो आहे पण गेलो नाही, मात्र गेलो आहे असं धरलं आहे. साहेब ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला आणि मग तो असा हसला, की भिंतीला टेकावं लागलं त्याला.

"ऑल राइट! तो टुम निकल चुका है?"

"येस सर."

"फिर बाकी का रास्ता हमारे साथ. मोटर में. पाँच मिनिट! कोट पहनो, चलो!"

झालं! माझी पाठ केलेली वाक्यं पार उडाली. बाहेर आबा आनंदानं नाचायचेच बाकी होते. साहेब स्वतः न्यायला आलेला, प्रस्थान शाबूत, सगळं पंचांगाप्रमाणे. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती. घरात भरून ठेवलेली माझी ट्रंक मोटारीत चढलीसुद्धा. राहिला फक्त कोट. तो बटण लावायला घरी गेला होता.

"सूनबाई, कोट आण वं लौकर!" आबा ओरडले.

कुटुंब दारात आलं. हातात कोट. पण उंबऱ्याच्या आत थांबलं.

"आण ना वं!"

ती हलली नाही. सासऱ्याचा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मोडला. आणि आबांकडे न पाहता, भर गल्लीत, सगळ्यांसमोर, सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोट इथं आहे. घ्यायला या."

मला कळलं. गल्लीला कळलं नाही, साहेबाला तर नाहीच. मी ओट्यावरून उतरलो. ती चाळीस पावलं मी सोमवारी भराभरा चाललो होतो. आता संपता संपेनात. एका बाजूला मोटार गुरगुरत होती. आबांच्या ध्यानात आलं तेव्हा मी अर्ध्यावर होतो.

"नाऱ्या! थांब! उंबऱ्याबाहेरूनच हात लांब कर! पाय टाकशील तर मोडलं सगळं!"

मी उंबऱ्याशी पोचलो. आत ती, मागे आबा आणि साहेब. आणि पुढच्या क्षणी मी घरात होतो.

"मोडलं!" आबांनी डोक्याला हात लावला.

"क्या टूटा?" साहेबानं दचकून मोटारीची चाकं पाहिली.

मग आबांनीच, मोडक्या हिंदुस्थानीत, डोळ्यांत पाणी आणून साहेबाला सांगितलं, की आता पंधरा दिवस पोरगा गावाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. कंपनी थांबेल का? साहेबानं घड्याळ काढलं. कंपनी पंधरा मिनिटंसुद्धा थांबणार नव्हती. आता माझी पाळी होती. मी ओरडून म्हणालो, "सर, पंधरा दिवसांनीही मी येणार नाही! मी नोकरी सोडली!" (हे मी घराच्या आतून, कुटुंबाच्या पाठीमागे उभा राहून म्हणालो. पण म्हणालो!)

"टुम पागल है!"

"येस सर!"

साहेब मोटारीत चढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, समोरच्या बंगईकडे बोट करून म्हणाला, "उधर टुम कितने बजे तक सोता है?"

"चार बजे तक, सर."

त्यानं हॅट डोळ्यांवर ओढली आणि मोटार निघाली. ट्रंक मागून आबांनीच धावत जाऊन उतरवून घेतली. गाठीच्या पट्ट्या तोडल्या की दाबलेला कापूस कसा भसकन फुगतो, तसं मला झालं. मी त्याच उंबऱ्याच्या आत खाली बसलो, भिंतीला टेकलो आणि हसलो. रडलोही थोडा. चिमी माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "बाबा, तुम्ही मुंबईहून आले?"

"आलो," मी म्हणालो. "कायमचा!"

आबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पागोटं खुंटीला, आणि ते भिंतीकडे तोंड करून. चौथ्या दिवशी ओट्यावरून त्यांचा आवाज ऐकू आला. तहसिलीतल्या एका जुन्या दोस्ताला ते सांगत होते, "हेडक्लार्क काय, पुष्कळ होतेत! पण साहेब खुद मोटार घेऊन दारात आला, अन् माह्या पोरानं त्याले वापस धाडला! असं कोणाच्या घरी झालं काय?" मग त्यांनीच मला परवाना काढून दिला. तहसिलीत त्यांची ओळख होतीच. तेव्हापासून सकाळी मी अर्ज लिहितो आणि दुपारी... पण दुपारचं मी कुणाला सांगत नाही, लोक जळतात.

ही हकीकत मी बैठकीत रंगवून सांगतो. स्वातंत्र्यासाठी मी कशी गल्ली ओलांडली, कसा निर्धारानं पाय उचलला, कशी गादीची खुर्ची लाथाडली. लोक माना डोलावतात. कालही असाच रंगलो होतो, तर कुटुंब चहा घेऊन आलं आणि म्हणालं, "एवढं सांगून राह्यलेच आहात, तर उंबऱ्यावरचंही सांगून टाका ना!"

आता तिनं काढलंच आहे, तर सांगतो. उंबऱ्याशी मी पाय उचलला, हे खरं. पण मग साहेब आठवला, आबा आठवले, आणि तो पाय आत टाकावा की मागे घ्यावा हे न कळून मी बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. किती वेळ? कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे, तिचा हात कोटाच्या ओझ्यानं भरून येईपर्यंत. शेवटी तिनं कोट फेकला, माझं मनगट धरलं आणि खसकन आत ओढलं. जन्मभराच्या माझ्या मोकळेपणाचा निर्णय मी एका पायावर उभा राहून घेतला, आणि तोही माझ्या वतीनं बायकोनं!